वारुळाला टेकलेले पिल्लू

नदीकाठच्या जंगलात एका टिटवीची शाळा होती. शाळा भरायची ती नदीच्या उघड्या वाळूवर, भर उन्हात. गर्द सावलीची झाडे चार पावलांवर होती, पण तिकडे वर्ग कधी गेला नाही. रोज सकाळी सगळ्या पिल्लांनी एकमेकांना खेटून रांग लावायची, बाईंनी कर्कश आवाजात नावे घ्यायची आणि ज्याने त्याने ओरडून "हजर" म्हणायचे, अशी तिथली रीत.

मुलांनो, त्या शाळेत खवले मांजराचे एक पिल्लू नव्याने आले. कोणी खेटले, की त्याला अंगभर काटे टोचल्यासारखे होई. बाईंचा आवाज कानात शिरला, की ते डोके पोटाशी घेऊन चेंडूसारखे गुंडाळून बसे. मग "हजर" कोण म्हणणार? "बाई, चेंडू गैरहजर," माकडाचे पोर म्हणे, आणि सगळा वर्ग हसे. पिल्लू मात्र आतून प्रत्येक धडा ऐकत होते. घरी गेल्यावर ते आईला सगळे धडे जसेच्या तसे म्हणून दाखवी.

पाचव्या दिवशी बाईंनी आईला भर वर्गात बोलावले. "घरी लाड फार झालेले दिसतात. हट्टी आहे तुमचं पोर. उद्या रांगेत उभं राहून ओरडलं नाही, तर नाव काढून टाकीन."

"हट्ट नाही हो बाई, त्याला सोसत नाही. वाळूच्या कडेच्या त्या वारुळाला टेकून जरा बाजूला बसू दिलंत, तर शिकेल ते."

"एकाला सोय दिली, की सगळे मागतील. बाकीच्यांना बरं सोसतं?"

आई मान खाली घालून निघाली. शेजारच्या बोरीवर एक मुनिया नुकताच संसार मांडत होती. नवी म्हणून ती आजवर कोणाशी चार शब्द बोलली नव्हती. तिने चोचीतली काडी बाजूला ठेवली.

"बाई, एक विचारू? शाळा सावलीत का नाही भरत?"

"डोक्यावर पानं आली, की माझा जीव घाबरा होतो. आम्हा टिटव्यांना उघडंच लागतं. एवढंही ठाऊक नाही?"

"म्हणजे तुम्हाला सोसत नाही, म्हणून तीस पिल्लं रोज उन्हात भाजतात. त्याला कोणी हट्ट म्हणत नाही. या पोराला तर नुसती वारुळाची कड हवी आहे. तुमचेही घरी फार लाड झाले असतील, नाही?"

या वेळी माकडाचे पोरही हसले नाही.

माफी काही टिटवीने मागितली नाही. मोठे सहसा मागत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पिल्लू वारुळाला टेकून बसले, तेव्हा तिने त्याला उठवले नाही. त्याचे नाव आले, तशी ती चालत जवळ गेली आणि हळू आवाजात तिने ते घेतले. चेंडू किंचित उलगडला. शेपटी वाळूवर एकदा आपटली.

"हजर," बाईंनीच सर्वांना सांगितले.

तात्पर्य : आपल्याला सोसत नाही ती अडचण आणि लहानग्याला सोसत नाही तो हट्ट, असा न्याय करू नये. मुलाला शाळेत बसवायचे असेल, तर आधी शाळेने थोडे सरकून बसावे.