न झोपणारा वैद्य

पूर्वी गोदावरीकाठच्या एका नगरात पुष्पदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव भद्रक. धाकटा भाऊ उत्तर हाही वैद्य होता आणि भद्रकाचा त्याच्यावर फार जीव होता.

एका वर्षी नगरात तापाची साथ आली. दोघे भाऊ घरोघरी फिरू लागले. भद्रक मात्र रोज दुपारी घरी येई, दार लावून झोपे आणि उन्हे कलली की पुन्हा निघे. उत्तर झोपतच नसे. उभ्याउभ्या पेज पिऊन तो पुढच्या दारी जाई. लोकांना आणखी काय हवे होते? उत्तर दिसला की बायका त्याच्या पायांवर पाणी घालीत आणि भद्रकाच्या दारावर शेणाचे गोळे मारीत. एका दुपारी त्या दारापाशी एक म्हातारा विणकर मरण पावला. त्याला आणले तेव्हाच त्याचा श्वास संपत आला होता, पण हे कोण ऐकून घेणार?

भद्रक भावाकडे गेला. उत्तर सहाणेवर औषध उगाळत होता आणि त्याचा हात थरथरत होता.

"उत्तरा, आज आडवा हो. तुझे रोगी मी बघतो."

"दादा, माणसं मरतायत आणि मी झोपू? लोक काय म्हणतील?"

"मला म्हणतात तेच. ऐकून घ्यायचं."

"तुला जमतं ते. मला झोपायची मुभा कोण देणार?"

"कुणीच नाही. राजा देणार नाही, रोगी तर नाहीच. ती आपली आपणच घ्यायची असते. हात बघ तुझा, बाळा."

उत्तराने हात मागे घेतला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली आणि खरे सांगायचे तर त्या हाकेने त्याचा चेहरा उजळला. तो उठून गेला.

हाक कुंभाराची होती. त्याची सून सामा हिचा ताप उतरला होता. ती उठून बसली होती, ताकभात मागत होती. उरलेल्या कणकणीसाठी तिला थोडे अतिविष, हे तापावरचे मूळ, द्यायचे होते. अतिविष आणि जहरी बचनाग ही मुळे दिसायला सारखीच. म्हणून नवशिका वैद्यही मूळ मोडून ते आतून पांढरे आहे ना, हे पाहतो. उत्तरानेही मोडून पाहिले. पण पाहिलेले त्याच्या ध्यानात उतरलेच नाही.

दिवस मावळण्यापूर्वी सामा गेली. आपण बचनाग दिला हे उत्तराला कळले आणि तो तिच्याच उंबऱ्यावर कोसळला. भद्रक धावत आला, त्याने भावाचे डोके मांडीवर घेतले. अंग तापाने भाजत होते.

"दादा, आता झोपू का?" उत्तराने विचारले.

"झोप," भद्रक म्हणाला. उत्तर पुन्हा उठला नाही.

लोकांनी उत्तरासाठी चौथरा बांधला आणि त्यावर फुले वाहिली. सामा तापाने गेली, असेच सगळे म्हणत. कुंभाराने विचारले तेव्हा भद्रकाने मात्र खरे ते सांगितले. कुंभार थुंकला. "झोपाळ्या, मेलेल्या भावावर आळ घेतोस?"

साथ संपेपर्यंत भद्रक रोग्यांकडे जात राहिला. त्या कुंभाराच्या घरीही गेला. आणि दुपारी दार लावून, रडत का होईना, झोपत राहिला.

पुष्कळ जन्मांनंतर, विहारात आजारी भिक्खूंची सेवा करता करता सेणक नावाचा भिक्खू मूर्च्छा येऊन पडला होता. त्याच्या उशाशी बसून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "त्या वेळचा उत्तर म्हणजे हा सेणक. भद्रक मी होतो."

"आणि ते नगरवासी, भन्ते?" एका भिक्खूने विचारले.

"ते तुम्ही. सकाळपासून याच्या जागरणाची स्तुती करीत आहात. जरा अंग टेक, असे त्याला तुमच्यापैकी एकानेही म्हटले नाही."

शास्त्यांनी सेणकाच्या अंगावर चीवर ओढले आणि सांगितले, "स्वतःच्या देहालाही जी माया वगळत नाही, तिला मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात."