न धुतलेला पटका

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की लोक त्या गावाचं नाव विसरले, तिथल्या राजाचं नाव विसरले, पण त्या वर्षीची गळवं काही विसरले नाहीत. गळू असतंच तसं. ज्याला झालंय त्याला विचारा, तो बसायच्या आधी जागा चाचपून बघतो.

तर त्या गावात एक तालीम होती आणि तालमीत एक वस्ताद होता. भला माणूस. पोरांना घास भरवणारा आणि चुकलं तर त्याच हातानं पाठीत धपाटा घालणारा. त्याच्या तालमीत खुंटीवर एक पटका लटकत असे. वस्तादाच्या आजोबांनी तो डोक्याला बांधून ओळीनं सात जत्रांच्या कुस्त्या मारल्या होत्या. पटका धुतला तर त्यातलं यश वाहून जाईल, असं कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून तो कुणी धुतला नाही. रोज लढत संपली की एकेक पैलवान त्यानंच तोंड पुसायचा, मान पुसायचा, मग कपाळाला लावून परत खुंटीला अडकवायचा. वास कसा येत असेल ते मी सांगत नाही, तुमच्यातलं कुणी नुकतंच जेवून बसलं असेल.

दुसरी रीत होती वस्तादाच्या अंगठ्याची. कुणाला पुळी आली, गळू धरलं, की वस्ताद त्याला जवळ बसवून स्वतःच्या अंगठ्यानं ते दाबून काढायचा आणि त्याच पटक्यानं पुसायचा. पोरांना हा आशीर्वाद वाटे. ज्याच्या गळवाला वस्तादाचा अंगठा लागला, तो चार दिवस छाती काढून फिरायचा.

त्या वर्षी अख्खी तालीम गळवांनी बेजार झाली. कुणाच्या मानेला, कुणाच्या काखेत, कुणाच्या मांडीला. आपल्याकडे काहीही झालं की पहिलं नाव उष्णतेचं निघतं, तसंच झालं. कुणी सब्जाचं पाणी पाजलं, कुणी आंबा बंद केला, एका आईनं तर पोराची दृष्ट काढून मिरच्या जाळल्या. सगळं गाव खोकलं, गळू मात्र जागचं हललं नाही.

हे सगळं एका बाईला दिसत होतं. ती गावची परटीण. साठीची होती, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. घरोघरचे कपडे ओळखता यावेत म्हणून ती कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्यानं खूण करी, प्रत्येक घराची वेगळी. कपडा हातात आला की घर कळायचं आणि डाग बघितला की घरातलं दुखणं कळायचं. पण मावशीनं एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी कधी नेली नाही. मला विचाराल तर एवढ्यासाठीच त्या बाईला हात जोडावेत. पुढचं तर पुढेच आहे.

जत्रेला आठ दिवस उरले होते. शेजारच्या गावाच्या मल्लाशी ह्या तालमीतल्या एका तरुण पैलवानाची कुस्ती ठरली होती, चांदीची गदा मांडली होती. नेमकं तेव्हाच पैलवानाच्या नाकाशेजारी गळू उठलं. आईचा एकुलता एक पोरगा, विशीचा, देखणा. नाक लालभडक झालं, ओठ सुजला.

"बस इथं. आत्ता मोकळं करतो," वस्ताद म्हणाला आणि त्यानं अंगठा पुढं केला.

मावशी धुतलेले कपडे घेऊन दाराशी आलेली होती. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. मावशीनं ती मोडली नाही. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आवाज मात्र तिनं आत पाठवला.

"वस्ताद, हात मागं घ्या. नाकापाशी, ओठापाशी आलेलं गळू दाबायचं नसतं. आतलं विष डोक्यात चढतं. माझा थोरला भाऊ असाच गेला. माझ्या आईनं दाबलं होतं, मायेनंच दाबलं होतं."

वस्तादाचा अंगठा हवेतच राहिला. त्याला राग आला. चार पोरांसमोर त्याला कुणी असं थांबवलं नव्हतं.

"मावशे, तू कपडे धू. तालीम मला कळती."

"मला तालीम न्हाई कळत. मला कपडे कळत्यात," मावशी म्हणाली. "म्हणून कपड्यांचंच सांगते. गावात बारा घरांच्या कपड्यांवर पू-रक्ताचे डाग येत्यात. बाराच्या बारा घरांतला एकेक गडी तुमच्या तालमीत हाय. ज्या घरातलं कुणी तालमीत येत न्हाई, त्या घरी एक डाग न्हाई. उष्णता काय फक्त पैलवानाच्या घरीच जाती व्हय?"

"आमच्यात तेरा गडी हायत," वस्ताद घाईघाईनं म्हणाला. त्याला वाटलं, बाई सापडली.

"तेराव्या घरचे कपडे लख्ख असत्यात. का, ते त्या गड्यालाच विचारा."

ज्याच्या अंगावर एकही गळू नव्हतं, त्या तेराव्या गड्याकडं सगळ्यांच्या माना वळल्या. तो बिचारा घामाघूम झाला. मग खाली बघत म्हणाला, "वस्ताद, माफी असावी. मला त्या पटक्याचा वास सहन होत न्हाई. मी नुसता तोंडाजवळ नेतो आन् परत टांगतो. घरी जाऊन माझ्या पंच्यानं पुसतो."

वस्ताद मान खाली घालून स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिला. बारा पोरांच्या गळवांना तोच अंगठा लागला होता, मध्ये एकदाही न धुता.

"माझ्या आज्याचा पटका घाण हाय म्हणतीस?" त्यानं हळूच विचारलं.

"पटका न्हाई घाण. त्याच्यावर जे बसलंय ते घाण हाय."

वस्ताद उठला. त्यानं स्वतःच्या हातानं पटका खुंटीवरून काढला आणि उंबऱ्यापाशी आणून दिला. देताना त्याचे डोळे भरून आले होते. "मावशी, ह्यातलं यश गेलं तर?"

"यश पोराच्या मनगटात असतं. ते मला धुताच येत न्हाई."

त्या दिवशी मावशीनं भट्टी लावली. पटका, बाराही घरांचे लंगोट, पंचे, उशीचे अभ्रे, सगळं खळखळत्या पाण्यात उकळून काढलं आणि कडक उन्हात वाळवलं. पैलवानाच्या आईला तिनं सांगितलं, "गळवाला बोट लावू नको. धुतलेलं फडकं सोसंल एवढ्या गरम पाण्यात पिळून दिवसातून चार वेळा शेक दे. दर वेळी फडकं नवं, आन् आधी-नंतर हात रिठ्यानं धुवायचे. ताप चढला किंवा सूज डोळ्याकडं सरकली, तर माझी वाट बघू नको. सरळ वैद्याला आण."

दुसऱ्याच दिवशी ताप चढला आणि डोळा बंद झाला. आईनं एक क्षण दवडला नाही. वैद्य आले, तीन दिवस तिथंच राहिले, औषध देत राहिले. वस्ताद दाराबाहेर बसून होता, अन्नाला शिवला नाही. पाचव्या दिवशी गळू आपोआप फुटलं, वाहून गेलं, ताप उतरला. वैद्य एवढंच म्हणाले, "दाबलं असतं, तर मी येऊन काही उपयोग नव्हता." ते ऐकून वस्ताद ओक्साबोक्शी रडला.

जत्रेचा दिवस उजाडला. पोराच्या अंगात ताकद परतत होती, पण जखम अजून ओली होती. "पट्टी काढतो आन् लढतो," तो म्हणाला. हट्टच धरला त्यानं. गावही हेच म्हणत होतं. एवढ्याशा पुळीपायी गदा सोडायची म्हणजे काय!

वस्ताद एकटाच आखाड्यात उतरला. दोन्ही गावं गोळा झाली होती. तो म्हणाला, "आमचा गडी आज लढणार न्हाई. त्याच्या तोंडावर उघडी जखम हाय. अंगाला अंग लागलं की त्यातलं दुखणं तुमच्या पोराला लागंल. आन् हे दुखणं तालमीत कुणी पसरवलं म्हणाल, तर मी. माझ्या ह्या अंगठ्यानं आन् आमच्या न धुतलेल्या पटक्यानं. परटीण मावशीनं दाखवलं तेव्हा मला कळलं. गदा तुमची."

कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली. त्याच्याच गावच्या दोघातिघांनी तोंड फिरवलं. वस्ताद ताठ मानेनं चालत बाहेर आला. सात जत्रा जिंकणाऱ्या त्याच्या आजोबांनाही एवढी अवघड कुस्ती कधी पडली नसेल, असं मला वाटतं. पलीकडच्या वस्तादानं गदा घेतली आणि तो तडक निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी घाटावर आली, तर तिच्या दगडापाशी कुणीतरी बसलेलं होतं. पलीकडच्या गावचा वस्ताद. पहाटेपासून पायी चालत आलेला. शेजारी एक भलंमोठं गाठोडं.

"मावशी, आमच्याकडं पटका न्हाई, शेला हाय," तो खाली मानेनं म्हणाला. "चाळीस वर्षं धुतला न्हाई. एकवीस पोरं गळवांनी हैराण हायत, एकाची तर मांडी सुजलीय. लाजेनं बोललो नव्हतो कुणाला. काल त्यो माणूस आखाड्यात बोलला, तेव्हा धीर आला."

मावशीनं गाठोडं सोडलं. "मांडी सुजलेल्याला आधी वैद्याकडं धाडा," ती म्हणाली, "तोवर मी पाणी तापवते."

त्या वर्षापासून दोन्ही तालमींत ज्याचा त्याचा पंचा वेगळा झाला, मातीत उतरण्याआधी आणि नंतर हात धुवायची रीत पडली, आणि गळू दाबायला कुणाचा अंगठा पुढं झाला नाही. पोरं निरोगी राहिली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: ज्याला आपली चूक चारचौघांत सांगता येते, त्याच्या हातून दहा जणांचं दुखणं थांबतं.