जिंकलेली जीप

“नवीन आलीय ना, आधी तिलाच ठोकू,” मागची शर्यत जिंकलेली जीप टॅक्सीला हळूच म्हणाली. पत्र्याआड उभ्या असलेल्या छोट्या पांढऱ्या गाडीने ते ऐकलं. पण ती नवी, कोणाला काय बोलणार?

गाड्या आपसांत बोलायच्या तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या माळावर दर रविवारी जुन्या गाड्यांची टकरीची शर्यत लागे. माणसं आधी त्यांच्या काचा काढत, दारं वेल्डिंगने बंद करत आणि टपावर मोठा आकडा रंगवत. ओला रंग अंगावर आला की गाड्यांना हळद लागल्यासारखं वाटे. शेवटपर्यंत चालेल ती जिंकली, बाकीच्या भंगारात.

त्या रविवारी तिघीच उतरल्या. “घाबरू नकोस गं, सगळ्यांचं असंच होतं,” म्हणत टॅक्सी मागून धडकली, जीप समोरून. छोटीचं इंजिन थेट रिकाम्या सीटपर्यंत आत घुसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जीप वळली आणि टॅक्सीवर धावून गेली.

“अहो ताई, आपलं ठरलं होतं ना?” टॅक्सी ओरडली.

“ते हिच्यापुरतं,” जीप म्हणाली.

संध्याकाळी भंगाराच्या ढिगाजवळ जीपला हार घातला. “बघा, मी उरले!” ती दोघींना म्हणाली. टॅक्सी रडत होती.

तेव्हा छोटी पहिल्यांदाच बोलली, “रडू नका, टॅक्सीताई. आपलं एकदाच झालं. यांना पुढच्या रविवारी पुन्हा उतरायचंय.”