कासवआजोबांचा उशीर

फार जुनी गोष्ट. तेव्हा धुकं डोंगर उतरून यायचं आणि मोहाच्या झाडाखाली बसून राहायचं. त्या झाडाच्या ढोलीत रानातल्या सगळ्यांच्या मालकीचं एक दुकान होतं. सगळे रांगेत उभे राहून आपापला वाटा घ्यायचे. दुकानाचे जुने संचालक कासवआजोबा रोज शेवटी यायचे. "पायच हळू!" म्हणून सगळे हसायचे.

यंदा शेकरू नवी संचालक झाली. संचालकाने कशाला रांगेत उभं राहायचं, म्हणत ती वरच्या भोकातून आत शिरली आणि ताजा मध घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मुंगूस खालच्या बिळातून शिरलं, पोपट फटीतून. रांग धुक्यासारखी विरली. म्हाताऱ्या सशाला काहीच उरलं नाही.

शेकरू बावरली. "आजोबा, आता काय करू?"

"उद्या उजाडताच दुकानासमोरच्या करवंदीच्या जाळीत ये."

ती गेली, तर आजोबा आधीच तिथे बसलेले. पाठीवर दव साचलेलं.

"अगंबाई! तुम्ही तर सगळ्यांच्या आधी येता. मग रांगेत शेवटी का?"

"सगळ्यांच्या मागे उभं राहिलं, की आपलं दुकान कुठवर पुरतं ते दिसतं."

दुकान उघडलं. एकटा ससाच रांगेत होता. त्याच्यामागे आजोबा उभे राहिले आणि आजोबांच्या मागे शेकरू.

बिळात अर्धं शिरलेलं मुंगूस थबकलं. "काय गं संचालकबाई, तू रांगेत? तेही शेवटी?"

"आज जरा उशीर झाला," शेकरू म्हणाली.

मुंगूस हळूच बिळातून मागे सरलं आणि तिच्यामागे येऊन उभं राहिलं.