आग्रही माळीण आणि मोजडीचं फूल

फार पूर्वी, राजेलोक लढाया सोडून बागांवरून भांडायचे तेव्हाची गोष्ट. एका राजाच्या बागेत एक माळीण होती. तिचा आग्रह भारी! पाहुणा ‘नको, नको’ म्हणत ताटावर आडवा पडला, तर ही त्याच्या पाठीवर पुरणपोळी वाढील. झाडांनाही तोच न्याय. कर्दळ काय, जास्वंद काय, सगळी खाऊन खाऊन जावयासारखी सुटलेली.

नवी राणी डोंगराळ मुलखातली. तिनं माहेरून मोजडीच्या फुलाची तीन रोपं आणली. या फुलाची खालची पाकळी हुबेहूब मोजडीच्या टोकासारखी. माळिणीनं पहिलं रोप भल्यामोठ्या कुंडीत लावलं. काळी माती, शेणखत, वर घागरभर पाणी. रोप कुजलं. दुसऱ्याला आणखी मोठी कुंडी, आणखी खत. तेही गेलं.

राणीचे डोळे भरले. “माळीणबाई, आता हे शेवटचं. हे मेलं तर माझं माहेर तुटलं, आणि बागेची किल्ली तुमच्या कमरेची सुटली!”

माळीण घरी येऊन मेल्या रोपाची मुळं बघत बसली. काळी, लिबलिबीत. शेजारी नवरा पोट धरून लोळत होता.

“अहो, अजून एक लाडू देऊ?”

“अगं बये, मायेनं मारतेस का मला?”

माळीण दचकली. तिनं मुळांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. दोघांची गत एकच!

ती तडक राणीकडे गेली. “राणीसाहेब, तुमच्याकडे हे उगवतं कुठं?”

“खडकाच्या कपारीत. पालापाचोळ्यात, सालीच्या तुकड्यांत. पाऊस येतो नि निथळून जातो.”

माळिणीनं मुळं जेमतेम मावतील अशी मातीची कुंडी घेतली, बुडाला भोक असलेली. तळाशी खापऱ्या, वर झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा, मूठभर शेवाळ. मातीचा कणही नाही.

तेवढ्यात राणीची मावशी चांदीची घमेल्याएवढी कुंडी घेऊन आली. “अगो, राणीचं रोप आणि भिकाऱ्याचं बोळकं? यात लाव!”

“मावशीसाहेब, हिला भोक कुठंय?”

“चांदीला भोकं पाडतात होय गं?”

“मग पाणी साचून रोप बुडेल.”

“राजाला सांगेन हं!”

“सांगा. गेली तर माझी किल्ली जाईल. रोप मी नाही जाऊ द्यायची.”

पुढचे दिवस मोठे कठीण. हात शिवशिवायचे. ती बोट खुपसून बघायची, ओल लागली की घागर घेऊन मुकाट माघारी. पहारेकरी खिदळायचे, “माळीणबाई, रोप उपाशी ठेवलंत, आता नवऱ्याची पाळी का?”

आणि एका सकाळी कळी उमलली! पिवळीजर्द, ठिपक्यांची, तेल लावून घासल्यासारखी चकचकीत. राणी अनवाणी धावत आली आणि तिनं माळिणीलाच मिठी मारली. नगारे झडले. राजाचा हत्ती आला. अंबारीत माळीण, मांडीवर बोळक्याएवढी कुंडी, कमरेला खुळखुळणारी किल्ली, आणि राजा मागून पायी!

मावशी खालून ओरडली, “अगं, घट्ट धर, पडेल!”

“घट्ट नाही मावशीसाहेब,” माळीण वरून हसली, “बेतानं धरलंय!”

तात्पर्य, घ्यायचं तर घ्या: माया वाढताना आपली पळी बघू नये, घेणाऱ्याचं पोट बघावं.