ताणाई का बसली

सुतगव्हाणच्या विणकरांसारखे विणकर साऱ्या मुलखात नाहीत. असं सुतगव्हाणचेच विणकर म्हणतात. मुलखाला अजून कोणी विचारलेलं नाही. तर पाहुणे, चपला इथं काढा आणि वाकून आत या, चौकट बुटकी आहे. ही आमची ताणाई. मांडी घालून बसलेली दिसते ना? पूर्वी ती उभी होती, असं सांगतात. चौकटीवर या वीत वीत कापडाच्या पट्ट्या लटकल्यात, त्याही तिच्या बसण्यापायीच. त्यांना चिंध्या म्हणू नका, पुजारी चिडतो. चिडवायचाच असेल तर खुशाल म्हणा.

फार मागे इथं रायाप्पा नावाचा विणकर होता. त्याची लेक मैना तापानं फणफणली. नऊ दिवस ताप उतरेना, तेव्हा तो ताणाईला नवस बोलला: पोर वाचू दे, येत्या अष्टमीला माझ्या हातचं लुगडं नेसवीन, पाऊल झाकेल असं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण रायाप्पाच्या जिवाची तगमग काही उतरली नाही. अष्टमी पंधरा दिवसांवर. घडीघडीला मागावरून उठायचा, पोरीच्या कपाळाला हात लावायचा, परत बसायचा. नवस चुकला तर ताप परतून येईल, एवढंच डोक्यात.

त्यात सूत नवं, फेरीवाल्याकडून घेतलेलं, डाळिंबासारखं लाल. बायको गोजराबाई म्हणाली, "अहो, आधी वीतभर विणून भिजवून बघा. सूत ओळखीचं नाही."

"चार पिढ्या मागावर गेल्या आमच्या. भिजवून बघायला ती काय डाळ आहे?"

लुगडं देखणं झालं, खोटं कशाला बोला. सप्तमीला रीतीप्रमाणं देवळाच्या कुंडात बुडवून वाळत घातलं, आणि वाळता वाळता त्याची रुंदी चांगली वीतभर आखडली! अष्टमीला नेसवलं तर देवीच्या नडग्या उघड्या. रायाप्पा खाली ओढतोय, निऱ्या सोडतोय, पुन्हा ओढतोय. तेवढ्यात घरून सांगावा आला, मैनेचं अंग पुन्हा तापलं.

रायाप्पानं पायरीवर डोकं टेकलं. "आई, चूक माझ्या हाताची. पोरीला भोगायला लावू नकोस."

तेव्हा म्हणे दगड करकरला. त्यानं मान वर केली, तो ताणाई मांडी घालून बसलेली, आणि तेच आखूड लुगडं पावलांवरून ओघळून खाली पसरलेलं. घरी मैना उठून भाकरी मागत होती.

आजही इथं नवं लुगडं मागावर चढलं की विणकर आधी वीतभर विणतो, कुंडात भिजवतो, वाळवून मोजतो, आणि ती वीत या चौकटीला बांधल्याशिवाय पुढं धोटा फेकत नाही. शहाणा एकदा मोजतो, घाईतला दोनदा.

रायाप्पाचे पाय मात्र त्यानंतरही घरात ठरेनात, असं सांगतात. या पारावरून त्या पारावर, तीच गोष्ट. एक दिवस बायकोपुढंही सुरू झाला, "अगं, आजवर कोणाच्या लुगड्यासाठी देवी खाली बसली होती का?"

गोजराबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आजवर कोणी तिच्यावर तशी पाळीच आणली नव्हती."