वाणाची गाळणी

“पण ताई, मी जुईला सांगू तरी काय?”

मृदुलाने हे तिसऱ्यांदा विचारलं. पमाताई आपल्या घरच्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. आलं ठेचत होत्या.

तीन रात्री मृदुलाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका गेल्या, तबकं आवरता आवरता सहा वर्षांच्या जुईने विचारलं, “आई, हेमाआजी पमाआजीची कोण होती गं?” आणि एम.ए. झालेली, पमाताईंच्या संघटनेत नऊ वर्षं पत्रकं लिहिणारी मृदुला पटकन म्हणून गेली, “बहीण.”

नवऱ्याने टाकलेल्या बायकांसाठी पमाताईंनी उभा जन्म कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी त्यांनी पुढच्या खोलीत आणखी एक फोन ठेवला; बाईवर जीव जडला म्हणून घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या मुलींसाठी. तेव्हा निम्म्या कार्यकर्त्या संघटना सोडून गेल्या. मृदुला राहिली. त्याचा तिला कोण अभिमान! त्या फोनपाशी हेमाताई बसायच्या. एकतीस वर्षं दोघी एका घरात, एका चुलीवर. गेल्या श्रावणात हेमाताई गेल्या.

“तू काय सांगितलंस तिला?” पमाताईंनी विचारलं.

“बहीण...”

“बरं.”

पाण्याला आधण आलं.

“बहिणी भांडतात तशा आम्ही कधी भांडलो नाही,” ताई म्हणाल्या. “त्याहून वाईट भांडायचो.”

मृदुलाला हसू आलं नाही.

“तुझं हळदीकुंकू कुणासाठी होतं गं?”

“सगळ्यांसाठी! मी सोसायटीच्या ग्रुपवर तसं टाकलंच होतं, ताई. विधवा भगिनींनीही आवर्जून यावं म्हणून. आमच्याकडे असं पहिल्यांदाच...” या विषयावर तिचा आवाज आपोआप चढायचा.

“म्हणून तर आले मी,” ताई म्हणाल्या.

...

मृदुलाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

त्या दिवशी बायकांनी ताईंना गमतीत छेडलं होतं. “ताई, तुम्हीही घ्या की नाव! का कुणी भेटलंच नाही?” हशा पिकला. जन्मभर उखाण्याला लांबून हात जोडणाऱ्या पमाताई उठून उभ्या राहिल्या.

“मोर्च्यात बसला घसा, चहात घातलं आलं...”

आणि थांबल्या. नावाच्या अगदी अलीकडे.

तेवढ्यात मृदुला परात घेऊन मध्ये घुसली. “चला, वाण घ्या! वाण घ्या सगळ्यांनी!” पहिली गाळणी तिने ताईंच्याच हातात कोंबली. चहाची, स्टीलची. पन्नास आणल्या होत्या.

आता तीच गाळणी कपावर धरून ताई चहा गाळत होत्या.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “आल्याचा कण खाली जाऊ देत नाही.”

“ताई, मी घाबरले हो. बायका काय म्हणतील... उद्या जुईला शाळेत कुणी काही बोललं तर...”

“हं. हे मी रोज ऐकते. फोनवर.”

“मुलींकडून?”

“नाही गं. बाहेरून कडी लावणाऱ्या आयांकडून.”

मृदुलाने कपात पाहिलं. चहावर साय धरत होती. आपण राहिलो, सोडून गेलो नाही, हे एवढी वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती. आणि राहून केलं काय, तर गाळण्या वाटल्या.

“मग आता सांगा ना, ताई. काय सांगू तिला?”

ताईंनी गाळणी ओट्यावर आपटून झाडली. आल्याचा चोथा वाटीत पडला.

“जुई! ये गं इकडे.”

पुढच्या खोलीत हेमाताईंच्या खुर्चीत मांडी घालून बसलेली जुई धावत आली.

“त्या दिवशी मी काय म्हणत होते, आठवतं?”

“उखाणा. पण तो अर्धाच झाला.”

“मग पुरा करू या?”

“हो!”

ताईंनी पदर खोचला. घसा खाकरला. पण आवाज फुटला तो एकदम बारीक, नव्या नवरीसारखा.

“मोर्च्यात बसला घसा, चहात घातलं आलं,
...चं नाव ओठांवर एकतीस वर्षांनी आलं.”

जुईच्या कपाळाला आठी पडली. “पण आजी, नाव?”

“ती जागा तुझ्या आईने मोकळी ठेवलीय,” ताई म्हणाल्या. “तीच भरेल.”

मृदुलाने तोंड उघडलं.

...

भरसभेत माइक हातात घेऊन बोलणारी ही बाई. घरात तिघीच होत्या, दार लोटलेलं होतं, आणि तिची नजर त्या दाराकडे गेली. ती गेली हे ताईंनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मृदुलाने पाहिलं.

जुईने तिचा पदर ओढला.

“आई, हेमाआजी म्हण ना. आज तर तुझ्याकडे वाटायला वाणपण नाहीये.”